ब्र

रात्री पावणेबाराला ड्राहोमीराने आज्ञा लिहिली:
चाचणीचं भांडार बंद कर.
एंटर दाबलं.
खालच्या ओळीत पुन्हा तोच चौकोन,
उघडमीट, उघडमीट,
जणू कुणी काही मागितलंच नव्हतं.

झालं?
की नाही झालं?
काळ्या पडद्याने हूं की चूं केलं नाही.
शहर ब्रनो. नावाच्या सुरुवातीलाच ब्र,
आणि ग्रंथालयाच्या तळघरातलं हे यंत्र
तेवढाही काढायला तयार नाही.

तिने तीच आज्ञा पुन्हा दिली,
लिफ्टचं पेटलेलं बटण आपण पुन्हा दाबतो, तशी.
यंत्राने तीही मुकाट गिळली.

"गप्प आहे म्हणजे झालं," ओताकार म्हणाला होता
तिच्या पहिल्याच दिवशी, व्हिनेगरमधलं सॉसेज
बरणीतून काट्याने काढता काढता.
"बोंब मारत नाही तोवर सगळं ठीक समजायचं.
पूर्वी यंत्रं कागदावर बोलायची, पोरी,
शब्दाला शाई लागायची."
आता शाई लागत नाही.
सवय मात्र राहिली,
श्रीमंत झालेल्या कंजुसासारखी.

तिने दिवा मालवला. शेवटची ट्राम गाठली.

पहाटे चारला एकेचाळीस यंत्रांनी
स्वतःला नवं करून घेतलं
त्याच भांडारातून, जे बंद होतं.
सकाळी ह्रडलिचकोव्हा बाई
साळिंदरांवरचं पुस्तक परत करायला आल्या
आणि पडद्याने त्यांना सांगितलं
की त्या अस्तित्वात नाहीत.
बाई काउंटरवर हातमोजे ठेवून म्हणाल्या,
"मला शंका होतीच."

दुपारी सापडलं. एक अक्षर.
नावातलं एक अक्षर बोटाखालून निसटलेलं.
त्या नावाचं भांडार कुठेच नव्हतं
आणि नसलेलं दार
यंत्राने इमानेइतबारे बंद केलं,
दोनदा.

रविवारी टिशनोव्हला वडिलांकडे.
चौतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेला माणूस
डंपलिंग दोऱ्याने कापत ऐकत होता.
"खटका ओढला म्हणजे सिग्नल पडला, असं नसतं.
मध्ये सहाशे मीटर तार.
जानेवारीत ती गोठते.
म्हणून खटक्याच्या वर एक चकती असायची, बशीएवढी.
तिकडचा हात खरंच हलला
तरच इकडे ती फिरायची.
तुमच्यात ती चकती नाही?"
"नाही."
दोरा थांबला.
"आणि त्यावरून माणसं जातात?"
"पुस्तकं जातात, बाबा."
"मग ठीक," ते म्हणाले,
पण दुसरं डंपलिंग घेतलं नाही.

त्या आठवड्यात तिने अकरा ओळी लिहिल्या.
त्यातून यंत्राला दोन वाक्यं यायला लागली:
अमुक भांडार बंद झालं.
अमुक नावाचं भांडार नाही.
बस. कौतुक नको, घंटा नको, रंगीत खूण नको.
अकरा ओळी तिने पाठवून दिल्या,
जिथे ते हत्यार घडतं तिथल्या माणसांकडे.
कोण आहेत, कुठल्या देशात बसतात,
तिला माहीत नाही.

ऑक्टोबर गेला. फेब्रुवारी गेला.
हो नाही, नको नाही.
ओताकार म्हणतो, "गप्प आहेत म्हणजे..."
आणि तिच्याकडे पाहून
वाक्य सॉसेजबरोबर गिळतो.

मधल्या काळात ती बंद म्हणते
आणि लगेच यादी मागवून बघते, बंद आहे का.
यादी मात्र निमूट खरं सांगते.
विचारलं तर.

रात्री घरी पोचली की ती फोन करते.
वडिलांना हल्ली कमी ऐकू येतं,
तरी जुनी शिस्त, मिळालं ते परत म्हणून दाखवायचं.
"पोचले. उद्या सहाच्या गाडीने येते."
"पोचलीस. उद्या दहाच्या गाडीने."
"सहाच्या, बाबा."
"सहाच्या."
मग जरा थांबून, कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज,
आणि पुन्हा एकदा,
"सहाच्या."